फळाचा सोडा फसतो तो सिरपमध्ये

प्रश्न थोडक्यात असा: अर्धा किलो स्ट्रॉबेरी, तेवढीच साखर आणि थोडं पाणी वीस मिनिटं उकळून सिरप केलं. सोडा मशीनच्या बाटलीत पाण्याबरोबरच ते घातलं, तर सगळं फेसाळून बाहेर आलं. दुसऱ्या वेळी तयार सोड्यात वरून ओतलं, तर मिनिटभरात बुडबुडे संपले. चव जॅमसारखी आणि नुसती गोड लागली. मशीन बदलावं का?

मशीन बदलू नका. वर सांगितलेल्या चारही अडचणींचं मूळ सिरपमध्ये आणि ते मिसळण्याच्या पद्धतीत आहे. मशीनचं काम एकच, गार पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवणं, आणि ते काम साधी मशीनही नीट करतात. फळाची चव, रंग, आंबटपणा आणि बुडबुडे टिकणं या सगळ्या गोष्टी सिरप कसं केलं यावर ठरतात. म्हणून आधी सिरपचं पाहू, गॅसचं नंतर. (पुढे ‘गॅस’ म्हणजे कार्बन डायऑक्साइडच समजा. शेगडीसाठी ‘आच’ हा शब्द वापरतो.)

जॅमसारखी चव वीस मिनिटांच्या उकळीमुळे आली. ताज्या स्ट्रॉबेरीचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती अतिशय उडून जाणारी असतात. स्वयंपाकघरात छान घमघमाट सुटला म्हणजे तो वास भांड्यात राहिला नाही, हवेत गेला. मागे उरते ती शिजलेल्या फळाची चव. त्यातच उकळल्याने फळातलं पेक्टिन मोठ्या प्रमाणात रसात उतरतं. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. तुमचं सिरप जॅमसारखं पूर्ण गोठलं नाही, पण बुळबुळीत नक्की झालं असणार. असं सिरप सोड्यात पडलं की फेस जास्त होतो आणि लवकर मोडत नाही.

मऊ आणि रसाळ फळांना आच लावायचीच नाही. स्ट्रॉबेरी, रासबेरी, पीच, किवी, अननस यांचं सिरप साखरेनेच काढता येतं. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि त्या पाण्यातच स्वतः विरघळते. पद्धत अशी:

१ किलो फळ (देठ, साल, बी काढून तयार झालेलं वजन) धुऊन पूर्ण कोरडं करा आणि साधारण सुपारीएवढे तुकडे करा. ६५० ग्रॅम साखर घालून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात हलक्या हाताने कालवा. झाकून फ्रीजमध्ये २४ तास ठेवा, मधे तीन-चारदा हलवा. मिक्सरमधून काढू नका, चमच्याने ठेचूही नका. दुसऱ्या दिवशी तुकडे सुरकुतलेले आणि लहान झालेले दिसतील, तळाला पातळ लालभडक रस असेल. साखर तळाशी राहिली असेल तर अजून काही तास थांबा. मग चाळणीवर ओता आणि रस आपोआप निथळू द्या, अर्धा-पाऊण तास तरी. शेवटी तुकडे दाबून पिळायचा मोह होतो, तो आवरा. पिळून मिळणाऱ्या शंभर मिली रसाबरोबर जो गर उतरतो तो सगळं सिरप गढूळ करतो. उरलेले गोड तुकडे दह्यात, केकमध्ये किंवा आइस्क्रीमवर छान लागतात, वाया जात नाहीत.

यातून साधारण एक लिटर सिरप मिळतं आणि त्यात वजनाने ४४ ते ४५ टक्के साखर असते. एक भाग सिरप आणि चार भाग सोडा मिसळला की लिटरमागे शंभर ग्रॅमच्या जरा वर साखर येते. बाजारातल्या बहुतेक गोड सोड्यांचा गोडवा याच आसपास असतो.

६५० ग्रॅमच का, किलोला किलो का नाही, हे समजून घेतलं तर कुठल्याही फळाचं प्रमाण स्वतः ठरवता येतं. पेयात साखर किती चालेल याला मर्यादा आहे, लिटरला साधारण शंभर ग्रॅम. म्हणजे सिरपमध्ये साखर जितकी जास्त, तितकं सिरप पेयात कमी पडणार, आणि त्याच हिशेबाने फळही कमी. किलोला किलो साखर घेतली तर एका लिटर पेयाच्या वाट्याला जेमतेम सव्वाशे ग्रॅम फळ येतं. ६५० ग्रॅम घेतली तर जवळपास १९० ग्रॅम. ‘रंग आला पण फळाची चव लागत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. मग साखर अजून का कमी करू नये? कारण पातळ सिरप जास्त ओतावं लागतं, सोडा पातळ होतो, गॅस कमी होतो आणि सिरप लवकर खराबही होतं. दोन्हीकडून ओढाताण आहे. बहुतेक रसाळ फळांना शंभराला साठ ते सत्तर हे प्रमाण मला योग्य वाटतं. टिकवण्यासाठीच सिरप करायचं असेल तर शंभराला शंभर घ्या, चव थोडी सौम्य येईल हे धरून.

ज्या फळांचा रसच काढला जातो, म्हणजे संत्रं, डाळिंब, द्राक्ष, त्यांना २४ तास ठेवायची गरज नाही. ५०० मिली गाळलेल्या गार रसात ४०० ग्रॅम साखर घालून चमच्याने ढवळत राहा, वीस-पंचवीस मिनिटांत विरघळते. साधारण ७५० मिली सिरप होतं, साखर निम्म्याच्या आसपास, आणि एकास पाच प्रमाणात वापरता येतं. संत्र्याच्या बाबतीत एक सावधगिरी. नेव्हल जातीच्या बिनबियांच्या संत्र्यांचा रस काढताना गोड असतो आणि काही तासांनी कडू होतो. फळ कापल्यावर त्यातला एक बेचव घटक आंबट रसात हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलतो, आणि आच दिली तर हे अजून लवकर घडतं. त्या संत्र्यांचं सिरप करून ठेवू नका, त्याच दिवशी संपवा.

लिंबाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे मर्यादा साखरेची नसून आंबटपणाची असते. लिंबाच्या रसात आम्ल साधारण पाच-सहा टक्के असतं, म्हणून लिटर पेयाला ५० मिली रस पुरेसा होतो. एवढ्याशा रसात लिंबाचा वास पुरेसा येत नाही, तो सालीतून घ्यावा लागतो. पाच-सहा लिंबांची पिवळी किंवा हिरवी साल सोलण्याने पातळ काढा. पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवटपणा त्यातच असतो. ती साल ५०० ग्रॅम साखरेत हाताने चोळून सहा ते बारा तास झाकून ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि ओलसर, पिवळसर होते. मग २५० मिली लिंबाचा रस आणि २५० मिली पाणी घालून साखर विरघळवा आणि गाळा. सुमारे ८०० मिली सिरप होतं, पाच लिटर पेयाला पुरतं. बाटलीच्या गळ्याशी तेलाचं पातळ कडं दिसेल. ते खराब झाल्याचं लक्षण नाही, पाणी आणि तेल मिसळत नाहीत एवढंच. वापरायच्या आधी हलवा. मात्र हे तेल हवेने बिघडतं आणि टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो, म्हणून दोन आठवड्यांत संपवा.

आच लागतेच अशी फळंही आहेत. सफरचंद, प्लम, ब्लूबेरी यांची साल जाड किंवा गर घट्ट असतो, नुसत्या साखरेने रस नीट सुटत नाही. तिथेसुद्धा उकळी आणायची नाही. फळ बुडेल-न बुडेल इतकं पाणी घालून ७० ते ७५ अंश सेल्सिअसवर १०-१५ मिनिटं ठेवा. कडेला बारीक बुडबुडे धरू लागतात, पण उकळी फुटत नाही, अशी ही आच. मग भांडं लगेच बर्फाच्या पाण्यात बसवून गार करा आणि गाळल्यावर साखर घाला. साखर घातल्यानंतर पुन्हा आचेवर ठेवून तार येईपर्यंत आटवायचं नाही, तो मिठाईचा पाक झाला. सफरचंद, प्लम आणि पेरू यांत पेक्टिन भरपूर असतं. मद्य आणि सायडर बनवणारे वापरतात ते पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन मोडणारं एन्झाइम, मिळत असेल तर रस ५० अंशांच्या खाली आल्यावर, साखर घालण्याआधी, पाकिटावरच्या प्रमाणात घाला आणि काही तास ठेवा. गढूळपणा खाली बसतो आणि वरचा रस पाण्यासारखा पातळ होतो. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा न टवकलेल्या इनॅमलचं घ्या. ॲल्युमिनियम, तांबं आणि लोखंड आंबट रसात उतरतात, चव धातूसारखी लागते आणि रंगही काळवंडतो.

सफरचंद, पेअर आणि पीच कापल्यावर तपकिरी होतात. कापलेले तुकडे थेट साखर आणि लिंबाच्या रसाच्या मिश्रणात टाकत गेलात तर हे बरंचसं थांबतं. किलोमागे अर्धा ग्रॅम व्हिटॅमिन सी पावडर अधिक खात्रीची.

आता गाळणं. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि तुमच्या फेसाचं उत्तर इथेच आहे. सोड्यात विरघळलेल्या गॅसला बुडबुडा बनायला एखादा खरखरीत कण, धागा किंवा हवेचा सूक्ष्म थेंब लागतो. स्वच्छ पाणी आणि गुळगुळीत काच असेल तर गॅस बराच वेळ पाण्यातच राहतो. गराचा प्रत्येक तंतू मात्र एकेक बुडबुड्यांचा झरा होतो. हजारो तंतू एकदम पडले की सगळा गॅस एकाच वेळी सुटतो: बाटलीत असेल तर फेसाळून वर येतो, ग्लासात असेल तर मिनिटभरात सोडा बेचव होतो. तुमच्या दोन्ही तक्रारी म्हणजे एकच गोष्ट आहे.

म्हणून सिरप तीन वेळा गाळा. आधी साधी चाळणी, मग चौपदरी मलमलचं ओलं फडकं, मग कॉफीचा कागदी फिल्टर. घट्ट सिरप कागदातून फार सावकाश उतरतं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून द्या. साखर घालण्याआधीच रस कागदातून गाळला तर काम निम्म्या वेळात होतं, पण साखरेने सुटलेल्या रसाला ती सोय नाही. एवढं करूनही गढूळ राहिलं तर एक-दोन दिवस फ्रीजमध्ये हलवू न देता ठेवा आणि वरचं स्वच्छ सिरप नळीने किंवा सावकाश कलवून काढून घ्या.

याहून स्वच्छ रस हवा असेल तर आगर-आगर (समुद्री शेवाळापासूनची, रस जेलीसारखा जमवणारी पूड) वापरा. लिटरभर बिनसाखरेच्या रसाला २ ग्रॅम आगर, याहून जास्त नको. पाव लिटर रसात आगर फेटून घाला आणि दोन-तीन मिनिटं नीट उकळू द्या. उरलेला पाऊण लिटर रस खोलीच्या तापमानाला असू द्या, फ्रीजमधून काढलेला नको. गार रस लागला की आगर जागच्या जागी गोठून त्याच्या गुठळ्या होतात. हा रस उकळत्या आगरात हळूहळू ओतत फेटा, मग भांडं बर्फात ठेवून न हलवता सैलसर जमू द्या. जमलेल्या थराला रवीने किंवा व्हिस्कने दोन-चार हलके फेरे द्या, फाटलेल्या दुधासारखे मोठे गोळे दिसले पाहिजेत. फडक्यात ओतून निथळू द्या. गर आगरात अडकून राहतो आणि खाली काचेसारखा रस पडतो. अननस आणि संत्र्याला ही पद्धत फार शोभते. आंब्याला नाही. आंब्याचा रंग आणि चवीचा मोठा वाटा गरातच असतो, गर काढला की आंबाच निघून जातो. आंब्याचं सिरप बारीक चाळणीतून गाळून फक्त ग्लासात मिसळा आणि फेस येणार हे धरून ग्लास मोठा घ्या. त्याला बाटलीत भरायच्या फंदात पडू नका.

‘नुसतं गोड लागतं’ याचं कारण आम्ल. ताजं फळ खाताना आपल्याला गोड आणि आंबट यांचा तोल जाणवतो. सिरपमध्ये साखर कैकपट वाढते, आम्ल मात्र फळात होतं तेवढंच राहतं, आणि वर चार-पाचपट पाणी पडतं. स्ट्रॉबेरीत एक टक्क्याच्या आत-बाहेर आम्ल असतं. वरच्या प्रमाणाने केलेल्या पेयात ते लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास येतं. फळाची चव उठून यायला एकूण अडीच ते तीन ग्रॅम लागतं. म्हणून एक लिटर स्ट्रॉबेरी सिरपला ५ ते ६ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, घालावं. सुगंध किंवा रंग घालण्याआधी हे करून पाहा. बहुतेक वेळा पुढचं काही लागतच नाही.

प्रमाण अंदाजाने ठरवू नका, चाखून ठरवा, आणि सिरप नुसतं चाखू नका. ४० मिली सिरप १६० मिली बर्फगार साध्या पाण्यात मिसळा. १० ग्रॅम लिंबूसत्त्व ९० मिली पाण्यात विरघळवून ठेवा आणि ते या ग्लासात एकेक मिली घालत चाखत जा. प्रत्येक मिलीने पेयात लिटरमागे अर्धा ग्रॅम आम्ल वाढतं. फळ ‘जागं झालं’ असं वाटेल तिथून अर्धा मिली मागे या, कारण गॅस स्वतःही थोडा आंबटपणा आणि चुरचुर देतो. जितके मिली लागले, त्याच्या अडीचपट ग्रॅम लिंबूसत्त्व एक लिटर सिरपला घाला. सफरचंद, चेरी आणि प्लम यांना मॅलिक ॲसिड जास्त जवळचं वाटतं, कारण त्यांत नैसर्गिकरीत्या तेच असतं. द्राक्षाला टार्टारिक. चाखताना पाणी गारच हवं. कोमट पाण्यात गोडी जास्त भासते आणि सगळा अंदाज चुकतो.

पाण्याचाही इथे हात असतो. जड पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल मारतात. २५० मिलिग्रॅम क्षारता असलेलं लिटरभर पाणी जवळपास ०.३ ग्रॅम लिंबूसत्त्व गिळून टाकतं, आणि बोथट चव कुठून आली ते कळत नाही. विकतच्या काही सोड्यांत खायचा सोडा घातलेला असतो, त्यानेही हेच होतं. शिवाय स्ट्रॉबेरी आणि डाळिंबाचा लाल रंग आम्लावरच टिकतो, आम्ल कमी झालं की तो जांभळट, मळकट होतो.

आता गॅस. थंडपणा का महत्त्वाचा ते आकड्यांतच पाहा: नेहमीच्या हवेच्या दाबाला एका लिटर पाण्यात ० अंशावर सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशांवर १.७ आणि ३० अंशांवर सव्वा ग्रॅम. चांगल्या फसफसत्या सोड्यात ६ ते ८ ग्रॅम असतो, तो दाबाखालीच जातो आणि दाब सुटला की बाहेर पडू पाहतो. पाणी जितकं गार, तितका तो रेंगाळतो. पाणी २ ते ४ अंशांवर आणा, म्हणजे रात्रभर फ्रीजमध्ये आणि वापरण्याआधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. आधी उकळून गार केलेलं पाणी आणखी चांगलं, कारण त्यातली हवा निघून गेलेली असते आणि तीच हवा बुडबुड्यांना सुरुवात करून देते.

मशीनमध्ये फक्त पाणी भरा, खुणेपर्यंतच. बटण लांब दाबून न धरता छोटे तीन-चार दाब द्या, मधे दोन-तीन सेकंद थांबा. मग बाटली लगेच उघडू नका, झाकण घट्ट लावून दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. सायफन (गॅसचं छोटं काडतूस लावून सोडा करायची बाटली) असेल तर एक लिटरला ८ ग्रॅमचं एक काडतूस, जोरात हलवून दोन तास फ्रीजमध्ये. काडतुसावर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या: क्रीम फेटण्यासाठीची काडतुसं अगदी तशीच दिसतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. त्याने सोडा होत नाही, पाणी नुसतं गोडसर आणि फेसाळ लागतं.

नियमित करणाऱ्यांना सिलिंडर, रेग्युलेटर आणि सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर बसणारं कार्बोनेशन झाकण ही जोडी सगळ्यांत उपयोगी. बाटली तीन-चतुर्थांश भरा, दाबून आतली हवा काढा, झाकण लावून नळी जोडा आणि २ बार, म्हणजे साधारण ३० पीएसआय, दाबावर अर्धा-एक मिनिट हलवा. दाब सोडून एकदा हवा जाऊ द्या, पुन्हा भरा, पुन्हा हलवा. ४ अंशांच्या पाण्यात याने लिटरला जवळपास ८ ग्रॅम गॅस जातो. रेग्युलेटरशिवाय सिलिंडरला कधीही काही जोडू नका, २० अंशांवर भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब ५७ बारच्या आसपास असतो. सिलिंडर उभा आणि बांधलेला ठेवा, खोली बंद नको. बाटली सोड्याचीच घ्या. साध्या पाण्याची बाटली पातळ असते आणि दाब झेलत नाही. चरे पडलेली किंवा गरम पाण्याने वाकडी झालेली बाटली बाद करा.

या जोडीचा खरा फायदा असा की मिसळलेलं पेय, तेही सिरपसकट, गॅसवर घेता येतं, आणि मिसळताना गॅस वाया जात नाही. अट एकच, सिरप काचेसारखं स्वच्छ हवं. मशीनमध्ये मात्र, निर्माता स्पष्ट परवानगी देत नसेल तर, पाण्याखेरीज काही घालू नका. गोड फेस वरच्या नळीत आणि झडपेत चढला की ती तुंबते, आणि तुंबलेली झडप दाब सोडत नाही.

खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व पेयातच मिसळून गॅस काढण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. लिटरला ७ ग्रॅम गॅस हवा तर साडेतेरा ग्रॅम खायचा सोडा आणि दहा ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं, आणि साडेतीन ग्रॅमहून जास्त सोडियम पेयात राहतं. ते खारट आणि साबणासारखं लागतं. सोडून द्या.

मिसळताना सिरपही सोड्याइतकंच गार हवं, खोलीच्या तापमानाचं सिरप सोड्याला तिथल्या तिथे तापवतं. ग्लासात करायचं असेल तर आधी सिरप, मग त्याच्या दुप्पट सोडा कडेने घालून चमच्याने खालून वर दोन फेरे, मग उरलेला सोडा ग्लास तिरका धरून. ढवळायचं ते याच टप्प्यावर, नंतर नाही. बाटलीत करायचं असेल तर सोड्याची बाटली तिरकी धरा आणि सिरप आतल्या भिंतीवरून बारीक धारेने सोडा. ते जड असतं, तळाशी जाऊन बसतं. झाकण लावा आणि बाटली हलवू नका, दोन-तीनदा सावकाश उलटी-सुलटी करा. न विरघळलेली साखर सोड्यात कधीच घालू नका, दाण्यादाण्यावर बुडबुडे उठतात. ग्लास स्वच्छ पण साबणाचा अंश नसलेला आणि ओला असावा. बर्फाचे मोठे स्वच्छ खडे थंड पाण्याखाली धरून घ्या, त्यांवरची खरबरीत कीस निघून जाते.

मिसळताना गॅस किती उरतो याचा हिशेब धरा. सोड्यात लिटरला साडेसात ग्रॅम गॅस असेल आणि एकास चार सिरप घातलं, तर काही न सांडतासुद्धा पेयात ६ ग्रॅमच राहतो, कारण सिरपमध्ये गॅस नाही. म्हणून सोडा नेहमीपेक्षा जरा जास्त तिखट चुरचुरणारा करावा. सिरपमध्ये साखर किती आहे याची शंका असेल तर १०० मिली वजन करा: ११८ ग्रॅम भरलं तर ४० टक्के, १२३ ग्रॅम तर ५०, १३२ ग्रॅम तर सुमारे ६५ टक्के. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर उत्तमच, पण साधा वजनकाटा आणि मोजपात्र यांवर भागतं.

यीस्टने गॅस आणायचा असेल तर एक गोष्ट समजून घेऊन मगच हात घाला. लिटरमागे १४ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की जवळपास ७ ग्रॅम गॅस तयार होतो आणि तेवढ्याच वजनाचं अल्कोहोल, म्हणजे पेयात सुमारे ०.९ टक्के. ‘नगण्य’ म्हणून ते मुलांना किंवा अल्कोहोल न घेणाऱ्यांना देऊ नये. आणि बाटलीत साखर १४ ग्रॅम नसते, शंभर असते. ती सगळी खाल्ली गेली तर एक लिटर पेयातून पंचवीस लिटर गॅस निघेल. काचेची बाटली फुटते ती यामुळे. करायचंच तर सोड्याची प्लॅस्टिक बाटली, दोन लिटरला चमच्याचा आठवा भाग यीस्ट, खोलीच्या तापमानाला एक ते दोन दिवस, आणि दर काही तासांनी बाटली दाबून पाहायची. दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये, आणि तिथेच संपवायची. गारठ्याने यीस्ट मंदावतं, मरत नाही.

हाच धोका यीस्ट न घालताही असतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आच न लावलेल्या फळाच्या सिरपमध्ये फळाच्या सालीवरचं रानटी यीस्ट जिवंत असतं. असं सिरप घातलेला सोडा बंद बाटलीत बाहेर राहिला तर तो स्वतःच आंबायला लागतो आणि आधीच्या दाबावर नवा दाब चढतो. मिसळलेला सोडा प्लॅस्टिक बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. काचेत भरून भेट देऊ नका.

सिरप वेगळं ठेवायचं असेल तर बाटली दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून कोरडी करा. कच्चं, ४५ टक्क्यांचं सिरप फ्रीजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं. ७५ अंशांवर पाच मिनिटं ठेवून लगेच बर्फात गार केलं तर वास किंचित कमी होतो, पण दोन-तीन आठवडे मिळतात. मला सर्वांत आवडणारा मार्ग फ्रीझरचा: बर्फाच्या साच्यात गोठवून खडे पिशवीत भरून ठेवा, तीन महिने रंग-वास फारसा हलत नाही. लागतील तेवढे खडे आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून वितळू द्या. कलिंगड, खरबूज आणि पपई यांत आम्ल फार कमी असतं, त्यांच्यात जिवाणू सहज वाढतात. त्यांच्या सिरपमध्ये लिंबूसत्त्व हवंच आणि फ्रीजमध्ये तीन दिवसांपलीकडे ठेवू नये.

सिरपच्या बाटलीचं झाकण फुगलं, उघडताना फुस्स झालं, कडेला बारीक बुडबुडे धरले किंवा वास दारूसारखा, ब्रेडसारखा आला, तर ते आंबलंय. पृष्ठभागावर बुरशीचा एक ठिपकाही दिसला तर तो चमच्याने काढून बाकीचं वापरू नका, सगळं ओतून द्या आणि बाटली पुन्हा उकळा. तळाशी नुसती मऊ साय किंवा धाग्यासारखं काही बसलं असेल आणि वास ताजा असेल, तर ते पेक्टिन आहे. वरचं सिरप कलवून घ्या आणि वापरा.